रिकाम्या रस्त्यांचा दस्तऐवज

शहागंजच्या चमनाभोवती कधी सकाळी सहाच्या सुमारास फेरी मारून पाहा. हातगाड्यांवर ताडपत्री ओढून दोरीने आवळलेली असते. दुकानांची शटर्स खाली असतात. ज्या एखाद्या कापडदुकानाला काच आहे, तिच्या आड शेरवानी घातलेले आणि शालू नेसवलेले पुतळे रात्रभर पाहुण्यांची वाट पाहून दमल्यासारखे उभे असतात. समोरच्या घड्याळाच्या मनोऱ्याचे प्रतिबिंब त्या काचेत पडते आणि एखाद्या पुतळ्याच्या पोटातूनच तो मनोरा उगवला आहे असे क्षणभर वाटते. दोन-तीन तासांनी यातले काही उरत नाही. फळवाले ओरडू लागतात, रिक्षा अडकतात, आणि शहागंज आपल्या ओळखीचे होते. त्या रिकाम्या वेळेकडे लक्ष द्यायला कोणाला सवड असते?

एका माणसाला होती. पॅरिस शहराच्या अशा रिकाम्या वेळेवर त्याने तीस वर्षे खर्च केली. त्याचे नाव यूजेन आत्जे. छायाचित्रणाच्या इतिहासात आज त्याचे नाव मोठ्या आदराने घेतले जाते. अतिवास्तववादी कलावंतांनी त्याला आपला पूर्वसूरी मानले. तो स्वतः मात्र कलावंत म्हणवून घ्यायला तयार नव्हता. त्याच्या दारावर पाटी होती ती कलावंतांसाठी दस्तऐवज पुरवणाऱ्याची.

मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली, त्यामुळे दस्तऐवज या शब्दाशी माझे जुने नाते. खत, दस्त, तारण, साक्षीदाराची सही, शिक्का. या शब्दात कल्पनेला जागा नाही असेच आम्हाला शिकवले होते. म्हणून हा माणूस मला फार वर्षे सुटला नाही. संध्याकाळी घरी येऊन कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला दस्तऐवज आणि कल्पना यांची गाठ कुठे पडते याचे कुतूहल असणारच.

आत्जेचा जन्म १२ फेब्रुवारी १८५७ रोजी फ्रान्समधल्या बोर्दोजवळच्या लिबूर्न या गावी झाला. म्हणजे आपल्याकडे सत्तावनचा उठाव व्हायला काही महिने होते. आईवडील लहानपणीच गेले. आजोळी आजी-आजोबांनी वाढवले. पोरगा थोडा मोठा झाल्यावर व्यापारी जहाजावर नोकरीला लागला. पण ओढ होती रंगभूमीची. १८७८ मध्ये तो पॅरिसला आला आणि तिथल्या सरकारी नाट्यशाळेची प्रवेशपरीक्षा नापास झाला. पुढच्या वर्षी पुन्हा बसला आणि पास झाला. त्यात सक्तीची लष्करी नोकरी आडवी आली. बराकीतून वेळ काढून नाट्यशाळेत जायचे, हे जमेना. १८८१ मध्ये त्याला काढून टाकण्यात आले.

मग तो फिरत्या नाटक मंडळीत शिरला. आपल्याकडे संगीत नाटकांच्या कंपन्या गावोगाव बिऱ्हाडे हलवत फिरू लागल्या तोच हा काळ. आत्जेच्या वाट्याला दुय्यम, तिय्यम भूमिका येत. १८८२ मध्ये त्याने एका छोट्या विनोदी साप्ताहिकाचाही उद्योग केला. त्या पत्राचे नाव होते ‘फ्लानर’. शहरात काही काम नसताना, डोळे उघडे ठेवून रमतगमत हिंडणाऱ्या माणसाला फ्रेंच लोक असे म्हणतात. पत्र चालले नाही, पण त्या शब्दाने त्याला सोडले नाही. नाटकातच त्याला व्हालंतीन कोंपान्यों ही अभिनेत्री भेटली आणि ती शेवटपर्यंत त्याची सहचरी राहिली. तिला आधीचा एक मुलगा होता, लेओं. त्यालाही आत्जेने आपला मानले.

१८८७ च्या सुमारास त्याच्या घशाला विकार जडला. नटाचा आवाजच गेला म्हणजे दुकानच बंद. तिशीत माणूस रस्त्यावर आला. त्याने चित्रकला करून पाहिली, ती बेताचीच निघाली. पण चित्रकारांच्या संगतीत एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. त्यांना झाडे, दारे, जिने, फुले, जुने वाडे यांची चित्रे समोर ठेवून काढायला हवी असतात. ती पुरवणारा कोणी असेल तर चार पैसे मिळतील. अशा हिशेबाने १८९० च्या आसपास त्याने कॅमेरा हातात घेतला. यात कसलाही साक्षात्कार नव्हता, पोटाचा प्रश्न होता. कलेच्या चरित्रांत ही गोष्ट पुष्कळदा झाकली जाते. मला ती सांगावीशी वाटते.

कॅमेरा म्हणजे लाकडी, भात्याचा. त्यात अठरा सेंटिमीटर बाय चोवीस सेंटिमीटर आकाराच्या काचा लागत. कॅमेरा, तिपाई, काचांच्या पेट्या हे सारे मिळून वीसेक किलोंचे ओझे होई. हे पाठीवर घेऊन तो पहाटे निघायचा, कधी पायी, कधी ट्राममधून. छापे काढण्याची पद्धतही जुनीच. काच आणि कागद चौकटीत आवळून उन्हात ठेवायचे, जसे आपल्या घरी पापड-कुरडया ठेवतात, आणि चित्र उमटेपर्यंत राखण करायची. पुढे हलके कॅमेरे आले, भराभर छापे काढणारे कागद आले, तरी याने आपला भाता सोडला नाही. मॅन रे नावाच्या तरुण अमेरिकन छायाचित्रकाराने आपला छोटा कॅमेरा त्याला देऊ केला होता म्हणतात. म्हाताऱ्याने तो नाकारला. आपल्या विचारांपेक्षा तो झटपट चालतो, अशी त्याची तक्रार.

१८९७-९८ पासून त्याने जुने पॅरिस टिपायला घेतले. यामागे एक कारण होते. १८५३ ते १८७० या काळात ओस्मान नावाच्या अधिकाऱ्याने बादशहाच्या हुकमाने पॅरिसचा कायापालट केला होता. गल्ल्याच्या गल्ल्या पाडून रुंद, सरळ रस्ते काढले होते. आज पर्यटक ज्या पॅरिसवर भाळतात ते पुष्कळसे ओस्मानचे. उरलेसुरले जुने शहरही जाणार हे दिसू लागले तेव्हा नगरपालिकेने त्याची नोंद ठेवण्यासाठी एक समितीच नेमली. जुन्या शहराच्या चित्रांना गिऱ्हाईक तयार झाले. शहराचे कार्नाव्हाले संग्रहालय, ऐतिहासिक ग्रंथालय, राष्ट्रीय ग्रंथालय, लंडनचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम अशा संस्था त्याच्याकडून चित्रे घेऊ लागल्या. १९०६ मध्ये ऐतिहासिक ग्रंथालयाने त्याला जुन्या वस्त्या रस्त्यारस्त्याने टिपण्याचे रीतसर काम दिले.

त्याने आधी टिपले ते फिरते विक्रेते. दिव्यांच्या झडपा विकणारा, पेटी वाजवणारा आणि त्याच्या शेजारी तोंडभर हसून गाणारी मुलगी, पाठीवर पोते घेतलेला चिंधीवाला. ती चित्रे पाहिली की मला आपल्याकडचा कल्हईवाला आठवतो. भात्याने कोळसे फुलवून नवसागराची चिमूट टाकली की पांढरा धूर उठायचा आणि काळे पातेले आरशासारखे व्हायचे. गादीवाला पिंजारी त्याच्या तातेचा टणत्कार करत यायचा. बोहारीण जुन्या पातळांवर भांडे देताना तासभर हुज्जत घालायची. यांतल्या किती जणांचा एकतरी फोटो आपल्या जुन्या शहरात कोणाच्या घरी आहे? लग्नाचे अल्बम शेकड्यांनी सापडतील.

हे लिहिताना राजा दीनदयाळांची आठवण होणे अपरिहार्य आहे. सहाव्या निजामाचे ते दरबारी छायाचित्रकार. १९०५ मध्ये वारले. आत्जे पॅरिसच्या गल्ल्यांत हिंडत होता त्याच सुमारास दीनदयाळ आणि त्यांची माणसे निजामाच्या मुलुखात फोटो घेत होती. वेरूळची लेणी, बिबीका मकबरा, दरबार, शिकारी, सरदारांचे रुबाबदार चेहरे. त्यांच्या कौशल्याला तोड नाही. पण मुख्यतः ते दरबाराचे डोळे होते. सरकारी संस्था आत्जेच्याही गिऱ्हाईक होत्या, तरी त्याचे डोळे कोणाच्या दरबारात बसले नाहीत. आयफेल टॉवर १८८९ पासून शहराच्या छाताडावर उभा होता. आत्जेने त्याला आपल्या चित्रांत जवळजवळ जागाच दिली नाही. त्याला दाराची कडी, विहिरीचा कठडा, दारूच्या दुकानाची लोखंडी पाटी यांचे महत्त्व जास्त.

आता मूळ मुद्दा. ही चित्रे दस्तऐवज म्हणून काढली, तर मग ती स्वप्नासारखी का दिसतात?

थोडे तंत्रात शिरावे लागेल. त्या काळच्या काचेवर चित्र उमटायला वेळ लागे. पहाटेच्या मंद उजेडात तर भिंग बराच वेळ उघडे ठेवावे लागे. तेवढ्या वेळात भिंत हलत नाही, झाड जरासे हलते, माणूस मात्र चालत निघून जातो. परिणाम असा, की रस्ता लख्ख स्पष्ट आणि त्यावरचा माणूस धुराच्या रेघेसारखा, किंवा मुळीच नाही. घोडागाडी उभी आहे आणि घोड्याला तोंड दोन ठिकाणी. उपाहारगृहाच्या काचेच्या दाराआड मालक उत्सुकतेने बाहेर डोकावतो आहे, त्याच काचेत समोरची झाडे आणि कॅमेऱ्यावरचे काळे कापड उमटले आहे. मालक आत आहे की बाहेर, कळत नाही. उंच इमारती चौकटीत बसवण्यासाठी तो भिंग वर सरकवायचा, तेव्हा चित्राचे वरचे कोपरे काळे व्हायचे. जणू आपण कमानीतून, चोरून पाहतो आहोत. यातले त्याने मुद्दाम काय केले आणि आपोआप काय झाले यावर जाणकार अजून वाद घालतात. मला त्या वादात रस नाही. शंभर वेळा तेच घडत असेल आणि माणूस ते फेकून देत नसेल, तर ते त्याला हवे होते असे मी समजतो.

वॉल्टर बेंजामिन या जर्मन विचारवंताने १९३१ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात आत्जेच्या या निर्मनुष्य रस्त्यांची तुलना गुन्हा घडून गेलेल्या जागेशी केली. तुलना अचूक आहे. पंचनाम्याच्या फोटोत माणूस नसतो, पण काहीतरी घडून गेले आहे हे प्रत्येक वस्तू सांगत असते.

मला असा अनुभव कॅमेऱ्याशिवाय एकदा आला. १६ फेब्रुवारी १९८० ची दुपार. सूर्यग्रहण होते. खग्रास पट्टा दक्षिणेकडून जाणार होता, आपल्याकडे खंडग्रासच. पण भीती सगळीकडे सारखी. मी कॉलेजात होतो आणि आईचा डोळा चुकवून सायकलवर शहागंजात आलो. भर दुपारी चिटपाखरू नव्हते. उजेड पिवळट, पातळ झाला होता, सावल्यांच्या कडा चमत्कारिक दिसत होत्या, आणि एका हातगाडीवर तशीच टाकून दिलेली केळी होती. रोज पाहिलेला चौक, पण तो दुसऱ्याच कोणाच्या स्वप्नातला वाटत होता.

योगायोग असा, की आत्जेचे अतिवास्तववाद्यांनी उचललेले सर्वांत गाजलेले चित्र ग्रहणाचेच आहे. फक्त उलटे. १७ एप्रिल १९१२ रोजी पॅरिसमध्ये सूर्यग्रहण दिसले. बास्तीयच्या चौकात माणसांचा घोळका जमला. आत्जेने सूर्याकडे पाठ फिरवली आणि त्या घोळक्याचा फोटो घेतला. टोप्या घातलेली, नीटनेटकी माणसे, डोळ्यांपुढे काचा धरून सगळी एकाच दिशेला वर पाहताहेत. काय पाहताहेत ते चित्रात नाही. चौदा वर्षांनी, जून १९२६ मध्ये, अतिवास्तववाद्यांच्या मासिकाने हे चित्र मुखपृष्ठावर छापले आणि खाली धर्मांतराविषयीचा एक खोडकर मथळा दिला. चित्र एका अक्षराने बदलले नव्हते. नुसते दुसरीकडे ठेवल्याबरोबर त्याचा अर्थ पालटला.

अतिवास्तववाद हा शब्द मर्ढेकर, चित्रे, कोलटकर यांच्या कवितेच्या निमित्ताने मराठी वाचकाच्या कानावरून गेलेला आहे. पॅरिसमध्ये आंद्रे ब्रेतों आणि त्याच्या मित्रांनी १९२४ मध्ये त्याचा जाहीरनामा काढला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की अद्‌भुत पाहायला परीकथेत जायला नको. ते रोजच्या जगण्याला चिकटलेलेच असते, आपली नजर सवयीने बोथट झालेली असते इतकेच. म्हणून ही मंडळी तासन्‌तास विनाकारण शहरात हिंडत, जुन्या बाजारात मोडक्या वस्तू धुंडाळत, पाडायला काढलेल्या बाजारगल्ल्यांवर पुस्तके लिहीत. लुई आरागोंचे असे एक पुस्तक १९२६ मध्ये आले. ब्रेतोंच्या १९२८ च्या ‘नाद्जा’त तर रस्त्यांचे साधे, रुक्ष फोटोच मजकुराबरोबर छापले आहेत. पुढे ब्रासायने रात्रीचे पॅरिस टिपले. या सगळ्यांना हवे होते ते त्यांच्याच गल्लीतला एक म्हातारा कधीपासून करत बसला होता.

गल्लीतला, हे शब्दशः खरे. आत्जे १८९९ पासून माँपार्नास भागातल्या काँपान्य-प्रमियेर रस्त्यावर १७ बिस क्रमांकाच्या घरात पाचव्या मजल्यावर राहत होता. मॅन रे त्याच रस्त्यावर काही घरे पलीकडे राहायला आला. त्याने म्हाताऱ्याकडून चाळीसेक चित्रे विकत घेतली, तीही वेचून. पुतळ्यांनी भरलेल्या दुकानांच्या काचा, कंबरपट्ट्यांच्या दुकानाबाहेर लटकणारी बिनडोक्याची धडे, जत्रेतले फिरते घोडे. मासिकात छापायची वेळ आली तेव्हा आत्जेने आपले नाव घालू देण्यास नकार दिला. हे फक्त दस्तऐवज आहेत, एवढेच त्याचे म्हणणे.

हा विनय होता की घमेंड? मला वाटते, दोन्ही नव्हते. तो जन्मभर स्वतःच्या जोरावर उभा राहिलेला हट्टी धंदेवाईक होता. पन्नाशीनंतर तो फक्त दूध, पाव आणि साखर यांवर राहत असे, बाकी सगळे अन्न विष आहे अशी त्याची समजूत. कामगारांसाठी चालवलेल्या वर्गांत जाऊन नाटकांचे वाचन करी. गेलेला आवाज तिथे थोडा वापरून घेई. अशा माणसाला तरुणांच्या चळवळीत नाव नोंदवण्याची गरज काय?

मधल्या काळात महायुद्ध होऊन गेले होते. लेओं १९१४ मध्ये लढाईत मारला गेला. बॉम्बच्या भीतीने आत्जेने काचा तळघरात नेऊन ठेवल्या आणि फोटो घेणे जवळजवळ थांबवले. १९२० मध्ये, त्रेसष्टाव्या वर्षी, त्याने सरकारच्या कलाखात्याला २,६२१ काचा दहा हजार फ्रँकांना विकल्या. म्हणजे काचेमागे चार फ्रँकही नाहीत. सौदा त्यानेच पत्र लिहून घडवून आणला होता. आपल्यामागे वारस नाही आणि या काचा काय आहेत हे न कळणाऱ्याच्या हाती त्या पडतील, ही त्याची धास्ती होती.

ही धास्ती मी जवळून पाहिली आहे. आमच्या बँकेत कर्ज देताना तारण जागेची पाहणी करून तिचा फोटो फाइलला लावायची पद्धत होती. १९९३ मध्ये जुन्या शहरातल्या एका अत्तराच्या दुकानाची अशी पाहणी मी केली होती. सागवानी फळ्यांचे दार, आत काचेच्या कुप्यांची उतरंड, पितळी तराजू. फोटो घेताना मालकांना मी बाजूला व्हायला सांगितले, कारण तारण दुकान होते, मालक नव्हते. पुढे रस्तारुंदीत ते दुकान गेले. २०१४ मध्ये त्यांचा मुलगा माझ्याकडे आला. अब्बांना शेवटी त्या दुकानाचा ध्यास लागला होता आणि घरात त्याचा एकही फोटो नव्हता. तुम्ही घेतला होता साहेब, मला आठवते, मी तिथेच बसलो होतो, असे तो म्हणाला. मी चौकशी केली. कर्ज फिटलेल्या फाइली ठरावीक मुदतीनंतर नियमाप्रमाणे लगद्याला जातात. ती फाइल कधीच गेली होती. निगेटिव्ह स्टुडिओवाल्याने पेटीसकट भंगारात दिल्या होत्या. तो मुलगा चहा न पिताच उठला.

म्हणून त्या दहा हजार फ्रँकांच्या सौद्याला मी स्वस्त म्हणणार नाही. त्या पैशांनी आत्जेला गिऱ्हाइकाच्या मर्जीशिवाय फोटो घ्यायला मिळाले. त्याची उत्तम चित्रे यानंतरची आहेत, असे माझे मत. सेंक्लूची आणि १९२५ मध्ये टिपलेली सो इथली उजाड राजबाग, शेवाळलेली तळी, एकटे पुतळे. १९२५ च्याच सुमाराची गोब्लें रस्त्यावरची कापडदुकाने, ज्यांत कोट घातलेले पुतळे हसताहेत आणि त्यांच्या अंगावरून समोरच्या इमारती वाहताहेत.

मॅन रेच्या हाताखाली बेरेनिस अॅबट नावाची अमेरिकन मुलगी होती. तिने १९२५ मध्ये ही चित्रे पाहिली आणि ती पाच मजले चढून म्हाताऱ्याला भेटू लागली. ऐपत बेताची, तरी जमतील तशी चित्रे विकत घेई. १९२६ च्या जूनमध्ये व्हालंतीन वारली आणि आत्जे एकटा पडला. १९२७ मध्ये अॅबटने त्याला आपल्या स्टुडिओत फोटोला बोलावले. तिला त्याचे ठिगळ लावलेले कामाचे कपडे हवे होते. तो आला चांगला ओव्हरकोट चढवून. आपल्याकडचे आजोबाही हेच करतात. एक फोटो समोरून, एक बाजूने. खांदे वाकलेले, ओठ मिटलेले.

छापे तयार झाल्यावर ते घेऊन ती त्याच्याकडे गेली, तेव्हा दारावर पाटी नव्हती. ४ ऑगस्ट १९२७ रोजी तो वारला होता.

घरातल्या उरलेल्या काचा नाटकातल्या दिवसांपासूनचा त्याचा मित्र आंद्रे काल्मेत याच्या ताब्यात गेल्या होत्या. अॅबटने त्याचा पत्ता शोधून काढला, पैसे उसने-पासने जमवले आणि १९२८ मध्ये हजाराहून अधिक काचा आणि हजारो छापे विकत घेतले. १९२९ मध्ये ती न्यूयॉर्कला परतली, तेव्हा तिथे जुन्या इमारती पाडून गगनचुंबी उभ्या राहत होत्या. तिनेही भात्याचा मोठा कॅमेरा घेतला आणि बदलते न्यूयॉर्क टिपायला लागली. १९३९ मध्ये त्याचे पुस्तक निघाले. आत्जेच्या काचा तिने चाळीस वर्षे सांभाळल्या. मंदीत, युद्धात, भाडे थकलेले असताना. १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने तो संग्रह घेतला आणि १९८१ पासून त्यावर चार खंड काढले. प्रत्येक काचेवर आत्जेने स्वतः कोरलेला अनुक्रमांक आहे, आणि त्याच्या वह्यांशी तो ताडून पाहत कोणती काच कोणत्या वर्षाची हे अभ्यासकांनी एकेक करून लावून घेतले.